छोटा पोटेन्शिओस्टॅट, आठ महिने टीवायच्या प्रॅक्टिकलला वापरल्यावर

यूएसबीवर चालणारा छोटा पोटेन्शिओस्टॅट (द्रावणातल्या इलेक्ट्रोडला हवं ते व्होल्टेज देऊन करंट मोजणारं मशीन) लॅबसाठी घेतला त्याला आठ महिने झाले, बऱ्याच जणांनी विचारलं कसा आहे म्हणून सविस्तर लिहिते. मी ठाण्यात टीवायला, म्हणजे बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला केमिस्ट्री शिकवते, वीस मुलांची बॅच. आधी इलेक्ट्रोकेमिस्ट्री म्हणजे पोटेन्शिओमीटरवर टायट्रेशन, आकडा बघा, जर्नलमध्ये उतरवा, ग्राफ काढा, झालं. इलेक्ट्रोडपाशी नक्की काय घडतं विचारलं की सगळे गप्प, याचं मला मनापासून वाईट वाटायचं.

मशीन कंपासपेटीएवढं. पण ते लगेच मुलांच्या हातात दिलं नाही, आधी साध्या मल्टिमीटरवर डॅनियल सेल (झिंक आणि कॉपरची साधी बॅटरी) करून घेतला, सॉल्ट ब्रिजसुद्धा (दोन द्रावणं जोडणारी क्षाराची नळी) त्यांनीच आगार शिजवून भरला. १.१ व्होल्टच्या जरा खाली आलं. मग कॉपर सल्फेट ०.०१ मोलरचं ०.००१ केलं, नेर्न्स्ट समीकरणाच्या (द्रावणाच्या तीव्रतेवरून व्होल्टेज काढायचं सूत्र) गणिताने ३० मिलिव्होल्ट उतरायला हवेत, सगळ्यांना २२-२३च मिळाले. मुलांना वाटलं आपलंच चुकलं. नाही चुकलं, समीकरणात ॲक्टिव्हिटी (आयनांची प्रत्यक्ष परिणामकारक तीव्रता) असते आणि आपण कॉन्सन्ट्रेशन घालतो! एरवी मी हे फळ्यावर सांगून पुढे जायचे, त्या दिवशी अख्खा तास त्यावर गेला आणि मला तो फार आवडला.

मग मशीन. पोटॅशियम फेरीसायनाइड, १ मोलर केसीएल, ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड. मशीन व्होल्टेज वर नेऊन परत खाली आणतं, करंटच्या ग्राफवर जाताना एक आणि येताना एक पीक (टोक) दिसतं. पुस्तकात या दोन पीकमधलं अंतर ५९ मिलिव्होल्ट, आमचं आलं १९०. एका मुलीला म्हटलं अगं, इलेक्ट्रोड अल्युमिनावर (पॉलिशची बारीक पावडर) इंग्रजी आठचा आकडा काढत पाच मिनिटं घास, मग धुऊन परत लाव, तर ८२ आलं. "मॅडम, नुसतं घासून?" हो, नुसतं घासून. स्कॅन रेट (व्होल्टेज बदलायचा वेग) सेकंदाला ५० मिलिव्होल्टवरून २०० केला तर करंट चौपट होईल असं सगळ्यांना वाटलं, झाला दुप्पट. तेव्हा मी ठाणे स्टेशन सांगितलं, लोकल आली की दारासमोरचे लगेच चढतात, मग जिन्यावरचे पोचेपर्यंत दार रिकामं, डिफ्युजन (कण द्रावणातून हळूहळू इलेक्ट्रोडपाशी सरकणं) हेच, पीकनंतर करंट पडतो तो म्हणूनच.

रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो स्थिर इलेक्ट्रोड) आम्ही घरीच केले, जांभळी नाक्यावरच्या सोनाराकडून शुद्ध चांदीची तार आणली (दागिन्याची नको, तिच्यात तांबं असतं), अर्धा तास ब्लीचमध्ये ठेवली की राखाडी-तपकिरी थर चढतो. एक तार मास्टर म्हणून केसीएलमध्ये बाजूला ठेवते, बाकीच्या तिच्याशी ताडून बघायच्या, काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक आला की परत ब्लीच.

त्रास पण आहे. पावसाळ्यात क्रोकोडाइल क्लिपा हिरव्या पडल्या, दोनदा बदलल्या. सॉफ्टवेअर लॅबच्या जुन्या कॉम्प्युटरवर मध्येच अडकतं. पंखा चालू असला की ग्राफ थरथरतो, मेन्सची ५० हर्ट्झ वायरींमध्ये शिरते, त्यावर फराळाचा रिकामा पत्र्याचा डबा कामी आला, त्याला भोक पाडून मशीनच्या ग्राउंडला जोडला आणि सेल आत ठेवला, रेघ सरळ. आणि एका मशीनवर वीस मुलं म्हणजे रांग लागते, निदान दोन तरी हवीत. फेरीसायनाइडचं वेस्ट वेगळ्या बाटलीत जमा करा, त्यात ॲसिड अजिबात जाऊ देऊ नका, विषारी वायू सुटू शकतो.

पुढच्या टर्मला टू-बी पेन्सिलच्या शिशाचे इलेक्ट्रोड करून लिंबाच्या रसातलं व्हिटॅमिन सी बघायचं ठरवलंय. घेणार असाल तर अल्युमिना पावडर आणि पॉलिशिंगचं कापड सोबतच मागवा, बॉक्समध्ये येत नाही, आमचे पहिले तीन आठवडे त्यातच गेले.