व्हीएफडी की एलसीडी? ऐंशीच्या दशकातले डिजिटल डॅशबोर्ड

1981 च्या टोयोटा सोअररमध्ये वेगाचे आकडे व्हीएफडीवर, म्हणजे व्हॅक्यूम फ्लुओरेसंट डिस्प्लेवर दिसत. निर्वात काचनळीतली तापलेली तार इलेक्ट्रॉन सोडते, त्यांनी फॉस्फर हा चमकणारा लेप हिरवट-निळा उजळतो. रात्री देखणा, भर उन्हात मात्र फिका, म्हणून पुढे गडद काच लागते. आकडे गायब झाले तर आधी तडकलेले सोल्डर आणि सुकलेले कपॅसिटर तपासा. तार तुटली असेल तर नळीच बदलावी लागते.

1984 च्या कॉर्व्हेट गाडीत एलसीडी, म्हणजे लिक्विड क्रिस्टल डिस्प्ले आली. तिला स्वतःचा उजेड नाही. मागचे बल्ब गेले की पडदा अंधारा. कडाक्याच्या थंडीत आकडे रेंगाळतात. बल्बच्या उष्णतेने पोलरायझर, म्हणजे प्रकाश गाळणारी फिल्म काळवंडते, पण ती सोलून नवी चिकटवता येते. दुरुस्तीला एलसीडीच परवडते, दिसायला व्हीएफडी सरस.