वजनाच्या दवाखान्यात आमचं अख्खं घर

मुलाचं वजन वाढलंय म्हणून डॉक्टरांकडे गेलं की बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांत बोळवण होते. गोड बंद करा, खेळायला पाठवा, दोन महिन्यांनी या. त्यामुळे बालरोगतज्ज्ञांनी लठ्ठपणावर उपचार करणाऱ्या एका स्वतंत्र विभागाची चिठ्ठी दिली, तेव्हा मला फार आशा नव्हती. वर्ष होत आलं आता, आणि हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटतो, कारण माझ्या 10 वर्षांच्या मुलाला आणि मला, दोघांनाही तिथे खरा उपयोग झाला.

या विभागाची पहिली अट मला सर्वांत आवडली: मुलासोबत आई किंवा वडील यांपैकी एकाने तरी स्वतःचं नाव नोंदवायचं, स्वतःचं वजन करायचं, स्वतःची वही भरायची. मुलाला सोडून बाहेर बसायची सोय नाही. यामागे जुनं संशोधन आहे. लेनर्ड एपस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी पालक आणि मूल अशा दोघांवर एकत्र उपचार करून त्या कुटुंबांचा पुढची 10 वर्षं माग ठेवला आणि 1990 मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे आईवडीलही उपचारात होते, त्या मुलांचं वजन जास्त काळ आटोक्यात राहिलं. घरात एकट्या मुलाच्या ताटात वेगळं वाढलं की त्याला ती शिक्षाच वाटते, हे कुठल्याही आईला कळतं. पण उपचारांची आखणीच त्यावर बेतलेली मी पहिल्यांदा पाहिली.

बसायच्या खुर्च्या रुंद आणि बिनहाताच्या होत्या. जाड माणसाला हाताच्या खुर्चीत स्वतःला कोंबून बसावं लागतं, ते इथे नाही. वजनकाटा बंद खोलीत आहे आणि आकडा मोठ्याने कोणी वाचत नाही. रक्तदाब मोजायचे पट्टे तीन-चार मापांचे आहेत. दंड मोठा असताना लहान पट्टा गुंडाळला तर रक्तदाब खोटा जास्त येतो, आणि त्यावर विनाकारण गोळी सुरू होऊ शकते. माझा दंड टेपने मोजून नर्सताईंनी मोठा पट्टा काढला. आजवर माझ्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं.

मुलाच्या तपासणीत सर्वाधिक वेळ गेला तो उंचीवर. मला आश्चर्य वाटलं, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. खाण्यापिण्यामुळे वजन वाढलेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंचच असतं. वजन वाढतंय आणि उंची मात्र खुंटलीय, असं दिसलं तर थायरॉइड किंवा इतर संप्रेरकांचा दोष शोधावा लागतो. म्हणजे ज्या तक्रारीवर लोक सर्रास ‘हार्मोन्सचं असेल’ म्हणतात, तिची पहिली चाळणी भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीनेच होते. मानेमागची काळी, जाडसर झालेली त्वचाही त्यांनी पाहिली. बरेच जण तो मळ समजून मुलाची मान घासत राहतात. खरं तर शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. गुडघा दुखतो म्हटल्यावर त्यांनी आधी खुबा हलवून पाहिला, कारण वजनदार मुलांमध्ये खुब्याचं हाड सरकलं तर वेदना कधी कधी गुडघ्यात जाणवते. आमच्याकडे सुदैवाने तसं काही नव्हतं. रात्री घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, हेही विचारलं. रक्तातली साखर, चरबी आणि यकृताची तपासणी झाली.

मग डॉक्टर माझ्याशी नाही, मुलाशी बोलले. “तुला वजन कमी करायचं नाहीये. तू उंच होणार आहेस, वजन आहे तिथे थांबलं तरी आपलं काम झालं.” त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचा वाढीचा तक्ता काढून दाखवला. 5 ते 19 वर्षांच्या मुलांमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) मधल्या रेषेच्या एक प्रमाणित विचलनाहून (मधल्या रेषेपासूनचं अंतर मोजायचं एकक) वर गेला तर वजन जास्त, दोनच्या वर गेला तर लठ्ठपणा. मोठ्यांसारखा एकच आकडा मुलांना चालत नाही, वय आणि मुलगा-मुलगी पाहून रेषा बदलतात. माझा मुलगा त्या वरच्या रेषेच्या पलीकडे होता. ते त्याला सांगितलं गेलं, पण ‘जाडा’, ‘लठ्ठ’ असा एकही शब्द वापरला नाही. शाळेत ऐकलेल्या चिडवण्याबद्दल मात्र त्याला मोकळेपणाने बोलू दिलं.

आहारतज्ज्ञ मॅडमनी कागदावर तक्ता छापून दिला नाही. सिग्नलचे तीन रंग शिकवले: हिरव्या रंगाचं पोटभर, पिवळं मापात, लाल क्वचित. लाल पदार्थांवर बंदी नाही, फक्त ते घरात साठवायचे नाहीत. बाहेर गेल्यावर ठरवून खायचे. खाणं बक्षीस म्हणून द्यायचं नाही आणि शिक्षा म्हणून काढून घ्यायचं नाही, हा नियम आमच्या घरात रुजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण मोठी माणसं प्रेमानेच देतात. साखरेच्या पेयांवर त्या ठाम होत्या. शीतपेयाच्या 330 मिलीच्या एका डब्यात साधारण 35 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना मुक्त साखर, म्हणजे वरून घातलेली आणि मध, फळांचा रस यांतली साखर, रोजच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, आणि 5 टक्क्यांच्या आत आणली तर आणखी बरं म्हणते. मोठ्या माणसासाठी 5 टक्के म्हणजे दिवसाला जेमतेम 25 ग्रॅम. एका डब्यातच हिशेब संपतो. फळांचा रसही त्यांनी याच यादीत घातला, अख्खं फळ नाही. जेवताना टीव्ही आणि मोबाइल बंद. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप हवी, हेही त्यांनीच लावून धरलं. अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

व्यायामाबद्दल इथे कोणी भुलवलं नाही. फिजिओथेरपिस्टने स्पष्ट सांगितलं की नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, पण उतरलेलं वजन टिकवायला, साखर आणि झोप सुधारायला तो लागतोच. मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं, मोठ्यांना आठवड्याला किमान 150. मुलाने दोरीच्या उड्या आणि पोहणं निवडलं. निवड त्याची होती, म्हणून टिकली.

माझ्या बाजूचा उपचार थोडा वेगळा होता. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हे साधं माप त्यांनी दिलं. आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेहाचा धोका बीएमआय 23 पासूनच वाढू लागतो, हेही कळलं. माझी साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात अशा लोकांना 7 टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्याचं लक्ष्य दिलं होतं. त्या गटात मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी राहिलं. मला तेच लक्ष्य मिळालं आणि मी तिथवर पोचले.

सध्या सगळीकडे चर्चा असलेल्या, वजन उतरवण्याच्या आठवड्याच्या इंजेक्शनबद्दल मी विचारलं. डॉक्टरांनी ते ना डोक्यावर घेतलं, ना उडवून लावलं. सेमाग्लुटाइड या अशा इंजेक्शनच्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं होतं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता होऊ शकते, आणि थायरॉइडच्या एका विशिष्ट कर्करोगाचा घरात इतिहास असेल तर ते देत नाहीत. वजन उतरलं की चरबीतून येणारं, भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं आणि भूक वाढते, म्हणजे शरीर जुन्या वजनाकडे ओढ घेतं. म्हणून औषध किंवा शस्त्रक्रिया घेणारा माणूस आळशी, असं कोणी समजू नये, असं डॉक्टर बजावून म्हणाले. ते वाक्य मला फार मोलाचं वाटलं. माझ्यासाठी औषधाचा निर्णय आम्ही सध्या पुढे ढकलला आहे.

आता उणिवा. भेटींच्या वेळा नेमक्या शाळेच्या आणि कामाच्या वेळेत येतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये मुलांसाठी 3 ते 12 महिन्यांत किमान 26 तासांचं प्रत्यक्ष मार्गदर्शन सुचवलं आहे. इथला कार्यक्रम तेवढा आखलेला आहे, पण संध्याकाळची एकही वेळ नसेल तर नोकरी करणारं कुटुंब तो पूर्ण कसा करणार? मानसशास्त्रज्ञ रोज नसतात, आणि चिडवणुकीने खचलेल्या मुलांना त्यांचीच जास्त गरज असते. विभागाचं मोबाइल अ‍ॅप तर मी मुलाच्या हातातून काढूनच घेतलं. त्यात वजन उतरलं की तारे मिळतात, आणि डॉक्टर जे शिकवतात त्याच्या अगदी उलट ते बोलतं. मी तशी लेखी तक्रार दिली आहे.

मुलाचं वजन जवळपास तेवढंच आहे आणि पँट आखूड झाल्या आहेत. तक्त्यावरचा ठिपका वरच्या रेषेच्या आत आला आहे, घोरणं खूप कमी झालंय. पहिल्या भेटीला जाताना लसीकरणाचं जुनं कार्ड न्या. त्यावरच्या उंची-वजनाच्या नोंदींवरून वाढ कधीपासून बदलली ते डॉक्टरांना दिसतं. आईवडिलांची उंचीही विचारतात. चालू असलेल्या औषधांची यादी न्या, कारण स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही वजन वाढतं. आणि घरात स्वयंपाक जो कोणी करतो, त्यालाही सोबत न्या.