बिनअस्तराचं खादी जॅकेट घरी शिवून काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगते: जॅकेट छान टिकलंय. पण बाहेरून सगळीकडे सारखं दिसत असलं तरी आत काही शिलाया नव्यासारख्या आहेत आणि काहींच्या दशा निघाल्यात. पहिल्यांदाच शिवणार असाल तर वेळ कॉलर-खिशांवर कमी आणि आतल्या कडांवर जास्त घालवा. अस्तर नसलं की झाकायला काहीच नसतं.

अस्तर नको होतं ते ठाण्याच्या हवेमुळे. ऐरोलीच्या ऑफिसातल्या एसीसाठी काहीतरी अंगावर हवं, पण स्टेशनपर्यंत चालताना पॉलिस्टरचं अस्तर पाठीला चिकटतं. म्हणून जाडसर निळी खादी घेतली. 44 इंची पन्हा, अडीच मीटर. कापण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री केली. खादी आटते, त्यामुळे ही पायरी गाळू नका. ढगळ, उतरत्या खांद्याचा, टक्स (आकारासाठी घातलेल्या चिमट्या) नसलेला नमुना घ्या आणि आधी मांजरपाटावर, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडावर, शिवून बघा. गोल मुंढ्याची (बाही जोडतात त्या भोकाची) घट्ट बाही नवख्याला रडवते. उतरत्या खांद्यात मात्र बाजू शिवायच्या आधीच बाही सपाट जोडता येते. मग बाहीची आणि बाजूची शिलाई एका दमात.

आता शिलायांबद्दल. बाजूंना फ्रेंच शिलाई घातली. अर्धा इंच माया (शिलाईबाहेरचं जास्तीचं कापड) सोडायची, कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर पहिली शिलाई, उरलेली कड छाटून निम्मी करायची, मग सुलट बाजू आत घेऊन पुन्हा पाव इंचावर शिवायचं. कड आत कैद होते. पावसाळाभर धुऊनही एक धागा सुटलेला नाही. काखेत सगळे थर एकत्र येतात तिथे मात्र पायडल सोडून चाक हातानेच फिरवा. सुई 16 नंबरची बरी.

मुंढ्याच्या आतल्या कडेला गोट, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावली. जुन्या सुती ओढणीतून सव्वा इंची उरेब (तिरप्या) पट्ट्या कापल्या. उरेब कापड ताणलं जातं म्हणून वळणावर चुण्या पडत नाहीत. जॅकेट खुर्चीवर टाकलं की आतला पिवळा गोट दिसतो आणि लोक विचारतात, कुठून घेतलं? (हे ऐकायला मला अजूनही आवडतं.) पुढच्या पट्टीच्या आतल्या कडेला मात्र फक्त झिगझॅग होतं. तिथेच दशा निघाल्यात. झिगझॅग वाईट नाही, पण खादीवर एकट्याने पुरत नाही. शेजारच्या टेलरकडून इंटरलॉक (मशीनवर कड धाग्यांनी गुंडाळून) करून आणलं तरी चालेल, त्यात कमीपणा कसला?

पुढच्या पट्टीत ताठपणासाठी इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग कापड घातलं होतं, ते धुण्यात सुटून फुगे आलेत. कॉलरमध्ये मांजरपाटाचाच तुकडा शिवून टाकला होता, ती कॉलर अजून ताठ. काज टेलरकडून करून घेतले. तेही नको असेल तर बाराबंदीसारखे (त्या जुन्या अंगरख्यासारखे) बांधायचे बंद लावा, शोभतात.

रोजच्या वापरातली खरी कटकट बाह्यांची. सुती कुर्त्यावर सुती बाही सरकत नाही, घालताना कुर्ता दंडापर्यंत वर गोळा होतो. बाकी जॅकेट बिनअस्तराचं ठेवून फक्त बाह्यांत पातळ अस्तर घातलं तर हे सुटेल, पुढच्या वेळी तसंच करणार. कोपरं थोडी फुगली आहेत, इस्त्रीने बसतात. निळा रंग सुरुवातीला पांढऱ्या कुर्त्यावर आणि पर्सच्या पट्ट्यावर उतरला, म्हणून वेगळं धुवा आणि उलटं करून सावलीत वाळवा. पावसात भिजलं तर खादी जड होते, पण एकच थर असल्याने पंख्याखाली टाकलं की सकाळपर्यंत घालण्याजोगं होतं.