कामाची चौकशी आधी करणारे फिजिओथेरपी केंद्र

मनगटाच्या दुखण्यासाठी नागपुरातील वर्धमाननगर परिसरातील एका फिजिओथेरपी केंद्रात उपचार घेतले. केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे दुखणे कुठे आहे हे विचारण्याआधी तेथे कामाची बारकाईने चौकशी होते: किती तास बसता, किती ओझे उचलता, काम करताना हात कोणत्या उंचीवर असतो.

ही चौकशी किती आवश्यक आहे, हे तेथे येणारे रुग्ण पाहिले की पटते. कळमना बाजारातील हमाल कंबर धरून येतात, रंगकाम करणारे कोपरासाठी, शिलाई करणाऱ्या बाया मानेसाठी, तर दिवसभर उभ्याने शिकवणाऱ्या शिक्षिका टाचेसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०२० मध्ये जगभरात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्यामुळे हे दुखणे केवळ हमालांचे नाही, परंतु त्यांच्या वाट्याला ते फार लवकर येते. प्रौढ पुरुषाला नेहमी ५५ किलोंपेक्षा जास्त ओझे वाहावे लागू नये, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच सुचवले होते. प्रत्यक्षात पन्नास किलोंचे एक पोते या मर्यादेत बसत असले, तरी दिवसभरात अशी किती पोती पाठीवरून जातात, याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

माझ्या अंगठ्याला व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत होत्या, करंगळी मात्र ठीक होती. एवढ्यावरूनच मनगटातील नस दबत असावी, असा अंदाज थेरपिस्टने बांधला. त्यांनी मला टेबलाशी बसवून टायपिंग करायला सांगितले, मनगट वर वाकते हे दाखवून दिले आणि खुर्ची उंच केली. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधू लागल्यापासून झोपमोड थांबली. पलीकडे एका हमालदादांना त्या सांगत होत्या, “भाऊ, पोतं अंगाजवळ धरा अन् वळायचं तर पाय वळवा, कंबर पिळू नका.”

उणिवा मात्र गंभीर आहेत. केंद्र पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, आणि व्यायामाचा छापील कागद फक्त इंग्रजीत मिळतो. रोजंदारीवरील माणसाची मजुरी बुडू नये, यासाठी संध्याकाळची वेळ वाढवणे तर अत्यंत गरजेचे आहे. बोटे सतत बधिर राहत असतील किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर मात्र येथे येण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.