‘रेकॉर्ड’चं लाल बटण आणि मी: तोंडी गृहपाठाचे आठ महिने

जर्मन शिकायला लागून आठ महिने झाले. वर्ग ऑनलाइन आहे आणि आठवड्याला दोन तोंडी गृहपाठ असतात. एक उतारा वाचून दाखवायचा, दुसरा दोन-तीन मिनिटं स्वतःच्या मनाने बोलायचा. दोन्ही संगणकावर रेकॉर्ड करून वर्गाच्या संकेतस्थळावर चढवायचे. आतापर्यंत साठेक फाइली पाठवल्या. त्यातल्या पहिल्या दहा मला आज ऐकवत नाहीत.

रेकॉर्डिंगसाठी मी ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, २००० सालापासून आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. उघडल्यावर दिसणारी बटणांची गर्दी बघून घाबरायला होतं, पण गृहपाठापुरती त्यातली चार-पाचच लागतात. बाकीची आठ महिन्यांत उघडून पाहिलेली नाहीत, काही अडलंही नाही.

पहिल्या आठवड्यातला घोळ जवळजवळ प्रत्येक नवखा करतो, म्हणून आधी तो. रेकॉर्ड केलं, ‘सेव्ह’ केलं, फाइल पाठवली. मॅडमचा निरोप आला, ‘उघडत नाही.’ ऑडॅसिटीत ‘सेव्ह’ केल्यावर तयार होते ती एयूपी३ प्रकारची प्रोजेक्ट फाइल. ती म्हणजे तुमचं काम अर्धवट ठेवून पुन्हा बसायची सोय. इतरांना ऐकायची फाइल हवी तर ‘एक्स्पोर्ट’ करावं लागतं. मग मी एक्स्पोर्ट केलं, पण डब्ल्यूएव्ही मध्ये, म्हणजे आवाज न दाबता ठेवणाऱ्या प्रकारात, आणि स्टिरिओ. तीन मिनिटांची फाइल बत्तीस एमबीच्या आसपास गेली. संकेतस्थळाची मर्यादा दहाची. एक तोंड, एक माइक, मग दोन चॅनेल कशाला? मोनो, म्हणजे एकच चॅनेल, केलं की आकार निम्मा होतो. त्यावर ६४ केबीपीएसचं (सेकंदाला ६४ किलोबिट) एमपी३ केलं तर तीच तीन मिनिटं दीड एमबीत बसतात आणि बोलण्याच्या आवाजात फरक कळत नाही. जुन्या व्हिडिओंमध्ये एमपी३साठी ‘लेम’ नावाचं एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर वेगळं उतरवून जोडायला सांगतात, तिकडे लक्ष देऊ नका. विंडोज आणि मॅकवर २.३.२ आवृत्तीपासून ते आतच येतं.

माइकचा धडा जास्त महागात पडला, म्हणजे वेळेच्या हिशोबात. सुरुवातीला ब्लूटूथचा हेडसेट होता. गाणी त्यावर छान वाजायची, म्हणून माइकही छानच असणार असं मी धरून चालले. दीड महिन्याने मॅडम म्हणाल्या, ‘तुमचे स आणि फ मला सारखेच ऐकू येतात.’ मी वेड्यासारखी आरशासमोर स आणि फ घोटत बसले. खोट जिभेत नव्हती. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की तो फोनकॉलच्या रीतीवर उतरतो. जुन्या पद्धतीत सेकंदाला आवाजाचे फक्त ८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचा सगळा उंच पट्टीतला आवाज छाटला जातो. बऱ्याच नव्या उपकरणांत हा आकडा निदान दुप्पट असतो. स ची सळसळ बरीचशी त्या ४,००० च्या वरच असते. फोनवर नाव सांगताना आपण ‘स, सशातला’ म्हणतो ते उगाच नाही. आता साधा वायरचा यूएसबी हेडसेट आहे. दिसायला गबाळा, पण मॅडमना स ऐकू येतो.

हेडसेट लावलाय आणि रेकॉर्डिंग मात्र लॅपटॉपच्या पोटातल्या माइकने होतंय, हेही एकदा झालं. माझ्या आवाजापेक्षा पंख्याची घरघर मोठी होती. तेव्हापासून सुरू करण्याआधी माइकवर नखाने हळूच खाजवते आणि पडद्यावरचा आवाजाच्या पातळीचा मीटर उडतोय का बघते. माइक तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याशी ठेवला की प, फ, भ चे फूत्कार बसत नाहीत. मीटरची उडी उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या दरम्यान राहिली की पुरे. लाल झालं तर आवाज फाटला समजा, तो नंतर सांधता येत नाही.

घरघर घालवायला ‘नॉइज रिडक्शन’ आहे. आधी दोन सेकंद गप्प बसून रेकॉर्ड केलेला तुकडा निवडून त्याला खोलीची शांतता ‘ओळखायला’ लावायची, मग सगळ्या फाइलवर लागू करायचं. जपून वापरा. मी एकदा हात सैल सोडला तर आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला, आणि श, स, ख असे घासून निघणारे उच्चार घरघरीबरोबरच धुऊन गेले. उच्चारांच्याच गृहपाठात उच्चार पुसून पाठवण्यात काय अर्थ? आता पंखा बंद करते, तेवढं पुरतं.

खरा फायदा वेगळ्याच ठिकाणी झाला, आणि त्यासाठीच मी हे सगळं लिहितेय. मॅडमचा नमुना एका ट्रॅकवर आणि माझा दुसऱ्यावर, असे खाली-वर ठेवून बघता येतात. जर्मनमध्ये ‘मिटं’ म्हणजे मध्य आणि ‘मीटं’ म्हणजे भाडं. शेवटचा स्वर साधारण आपल्या ‘केलं’मधल्यासारखा. मला वाटायचं मी दोन्ही नीट वेगळे म्हणते. तुकडा निवडला की त्याची लांबी खाली सेकंदांत दिसते. मॅडमचा ई त्यांच्या इ च्या जवळजवळ दुप्पट होता. माझे दोन्ही सारखेच. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाच्या किती लाल रेघा खाल्ल्या असतील! पण तो सगळा हिशोब कागदावरचा. मराठी बोलताना आपण इ आणि ई मध्ये कितीसा फरक करतो? मला हे कुणी सांगून पटलं नसतं, कारण माझ्या कानाला फरक ऐकूच येत नव्हता. तो आधी डोळ्यांना दिसला, आणि तीन आठवड्यांनी कानाला.

उलट, जर्मन झेडला वर्गातले बाकीचे अडखळत होते आणि मी एका झटक्यात पार. तो आपल्या चमच्यातला च. तेवढीच कॉलर ताठ.

आता तोटा. तोही तितकाच मोठा आहे. चुकलं की पुन्हा, परत चुकलं की पुन्हा. एका दोन मिनिटांच्या उत्तरासाठी मी एकदा सतरा वेळा लाल बटण दाबलं. ‘पंच अँड रोल’ नावाची सोय आहे, त्यात चुकलेल्या जागेच्या आधीची पाच सेकंदं वाजतात आणि तिथून पुढे नव्याने बोलता येतं. सांधा कळतसुद्धा नाही. त्या सोयीने मी दीड महिना अगदी निर्दोष गृहपाठ पाठवले आणि वर्गात मॅडमनी साधा प्रश्न विचारला की ततपप. सतराव्या खेपेला मी बोलत नव्हते, पाठ म्हणत होते. मॅडमना हे सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, ‘मला पहिली खेप पाठवा, आणि तिसरी. मधली तुमच्याकडे ठेवा.’ तेव्हापासून वाचनाला हव्या तितक्या खेपा, स्वतःच्या बोलण्याला तीनच. मार्क थोडे उतरले.

संकेतस्थळावर थेट ब्राउझरमध्ये रेकॉर्ड करायचंही बटण आहे. घाईच्या दिवशी बरं. पण ब्राउझर स्वतःहून आवाज ‘स्वच्छ’ करतो, प्रतिध्वनी कापतो, पातळी वरखाली करतो, आणि त्या नादात माझं वाक्याचं पहिलं अक्षर बऱ्याचदा गिळतो. शिवाय एकदा चार मिनिटं बोलून झाल्यावर ‘पुन्हा लॉगिन करा’ आलं आणि सगळं गेलं. आधी आपल्या संगणकावर रेकॉर्ड करा, मगच चढवा. चढवल्यावर तिथूनच एकदा वाजवून ऐका. मी एकदा आदल्या आठवड्याची फाइल पाठवली होती, कारण दोन्हींचं नाव ‘गृहपाठ नवा’. आता नावात आधी तारीख, मग धडा, मग माझं नाव. वीस जणांच्या फाइली एकदम उतरवणाऱ्या मॅडमनाही ते सोयीचं पडतं.

स्वतःचा आवाज ऐकणं पहिले दोन महिने शिक्षा वाटते. बोलताना आपल्याला आपला आवाज हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही पोचतो, म्हणून तो भारदस्त वाटतो. फाइलमध्ये हाडांचा वाटा नसतो. ती किरकिरी बाई मीच, हे मान्य करायला मला वेळ लागला. मान्य केल्यावर मात्र भलतंच काहीतरी ऐकू आलं. जर्मन वाक्याच्या मधोमध, शब्द शोधताना, मी सर्रास ‘म्हणजे’ म्हणते. पहिल्या महिन्याच्या एका फाइलीत अकरा वेळा. मॅडमना मराठी येत नाही. त्यांना तो इतके दिवस कुठलातरी जर्मन शब्द चुकीचा उच्चारलेला वाटत होता. गेल्या आठवड्याच्या पहिल्या खेपेत तो दोनदाच आला.