हवे तेच पर्याय निवडून मागवलेली गाडी: काही महिन्यांनंतर

शोरूममध्ये तयार उभी असलेली गाडी लगेच मिळत होती. ती न घेता मी एकेक पर्याय निवडून कारखान्याकडे मागणी नोंदवली आणि बरेच महिने वाट पाहिली. आता भर उन्हात, धो धो पावसात आणि रात्रीच्या लांब पल्ल्यावर गाडी चालवून झाली आहे, तेव्हा अनुभव सविस्तर लिहिते.

निवडताना कसोटी एकच ठेवली: ही गोष्ट नंतर बसवता येते का? मॅट, सीट कव्हर, डॅशकॅम, बऱ्याच गाड्यांत स्पीकरसुद्धा बाहेरून बसवता येतात, म्हणून ते यादीतून काढून टाकले. हवा खेळती ठेवणाऱ्या सीट, कमरेचा आधार, हेडलाइट, मागून शेजारी येणारी गाडी दाखवणारे सेन्सर यांचं तसं नाही. हल्ली वायरिंग पुष्कळदा त्या गाडीने घेतलेल्या पर्यायांप्रमाणेच तयार होऊन येतं. जो पर्याय घेतलाच नाही त्याची तार सीटखाली असेल याची खात्री नाही. तार असली तरी गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या भागाची नोंद करावी लागते, आणि बाहेर कुठे हे काम केलं तर वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो.

सगळ्यात जास्त समाधान मला चाकांनी दिलं, आणि तेही लहान चाकांनी. टॉप मॉडेलवर १९ इंची रिम होते, मी १७ इंची मागितले. टायरवरचे आकडे वाचले की फरक कळतो. २१५/६० आर १७ या टायरची रुंदी २१५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. २३५/४५ आर १९ मध्ये हीच भिंत जेमतेम १०६ मिलिमीटर भरते. चाकाचा बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो. कमी होते ती रबर आणि हवेची गादी. खड्ड्याचा पहिला दणका हीच गादी सोसते. खराब रस्त्यावर मागे बसलेली माणसं निवांत झोपतात, यापेक्षा मोठी पावती मला नको. १९ इंची रिम दिसायला देखणे असतात, वळणावर गाडी थोडी अधिक घट्ट वाटते, हे मान्य. पण रिम वाकण्याची धास्ती घेऊन मला गाडी चालवायची नव्हती. शिवाय टायर बदलायची वेळ येईल तेव्हा लहान मापाचा खर्च सहसा कमी पडतो.

स्टेपनीही आग्रहाने मागितली. पंक्चर किटमधला द्राव टायरच्या तळातलं छोटं भोक बुजवतो. टायर बाजूने फाटला तर त्याचा उपयोग नाही. डिक्कीचा तळ थोडा वर आला, तो मी आनंदाने सोसते.

हेडलाइटबद्दल मात्र राग आहे आणि कौतुकही. समोरच्या वाहनापुरताच झोत कापून बाकीचा रस्ता उजळ ठेवणारे मॅट्रिक्स दिवे मला हवेच होते. काळोख्या रस्त्यावर कडेने चालणारा माणूस आधी दिसतो आणि समोरच्या चालकाचे डोळेही दिपत नाहीत. पण हे दिवे फक्त पॅनोरामिक सनरूफच्या पॅकेजमध्ये मिळत होते. सनरूफने छपराचं वजन वाढलं, डोक्यावरची जागा कमी झाली आणि घरातल्या उंच माणसाचे केस आता छताला टेकतात. सुरक्षिततेची वस्तू हौसेच्या वस्तूशी बांधून विकणं मला अजिबात पटत नाही, आणि कंपनीला मी तसं लेखी कळवलं आहे.

मागणी नोंदवणाऱ्यांनी कागदपत्रांकडे बारीक लक्ष द्यावं. २०२१ च्या चिपटंचाईत जनरल मोटर्सने कित्येक मॉडेलमधून गरम होणाऱ्या सीट तात्पुरत्या काढून टाकल्या होत्या. तेव्हा वाट पाहण्याच्या काळात एखादा पर्याय रद्द झाला तर काय, किंमत वाढली तर काय, हे आधीच लिहून घ्या. बदल करण्याची शेवटची तारीखही विचारा. गाडी उत्पादनाच्या रांगेत लागली की काही बदलता येत नाही. पर्याय कायमचा विकत मिळतोय की भाड्याने, हेही बघा. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत गरम सीटसाठी महिन्याचं शुल्क ठेवलं होतं. २०२३ मध्ये ती पद्धत मागे घेतली. गाडी ताब्यात घेताना मागणीचा कागद हातात धरून मी प्रत्येक ओळ गाडीशी ताडून पाहिली, १७ अक्षरी चॅसिस नंबरसकट. विक्रेता घाईत होता, तरी सह्या त्यानंतरच केल्या.

सीटसाठी कापड निवडलं. उन्हात तापलेल्या गाडीत बसताना चटका लागत नाही. डाग मात्र लवकर पडतात, लहान मुलं असतील तर विचार करा. कमरेच्या आधाराबद्दल एवढंच सांगते की लांबच्या प्रवासानंतर उतरताना पाठ धरावी लागत नाही.

रंग साधा पांढरा घेतला. मोतिया झाक असलेला तीन थरांचा पांढरा जास्त खुलतो, पण ओरखडा पडला तर त्याची छटा जुळवणं कठीण जातं. बॉनेटवर खडी उडून एक टवका गेला होता. टच-अपची बाटली आणून घरीच भरला, आणि वाकून पाहिल्याशिवाय तो सापडत नाही.