थ्री-इन-वन मांगा: पैसे वाचतात, पाठ जपा

मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स; थ्री-इन-वनमध्ये त्याचे तीन खंड एकाच जाडजूड पुस्तकात, सहाशेच्या आसपास पानं. ‘वन पीस’सारखी शंभरावर खंडांची मालिका गोळा करायची तर हाच परवडणारा रस्ता. बांधणी मात्र नुसत्या डिंकाची, शिलाई नाही. नवं पुस्तक थेट मधून उघडलं की पाठीवर पांढरी चीर पडलीच! दोन्ही टोकांकडून दहा-दहा पानं मोकळी करत मध्याकडे या. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलं, तर डिंक सैल पडून पानं सुटतात. दोन पानी चित्रं मधल्या घडीत गडप होतात, त्याला इलाज नाही. कुरियरनं कोपरे चेपतात. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात दुकानात मिळालं तर पाठ सरळ आहे का, हे हातात धरून बघा.